पोट फुगलं, वारा सरेना? एरंडेल देऊ नका

ताईंनो, या महिन्याचा आरोग्य पाठ आतड्यावर आहे. बैठकीत मोठ्यानं वाचताना एका शब्दावर हसू येईल : वारा सरणे. हसा, पण लक्षात ठेवा.

आपलं लहान आतडं साधारण ६ मीटर लांब. नेहमीची साडी साडेपाच मीटरची, म्हणजे त्याहून जरा जास्तच. ते वेटोळं घालून पोटात बसलेलं असतं आणि खाल्लेल्या अन्नाचं सत्त्व तिथूनच रक्तात जातं. ते कुठं आवळलं, पिळलं किंवा बुजलं की वरचं सगळं तुंबतं.

याचं एक मोठं कारण म्हणजे पोटाचं जुनं ऑपरेशन. सिझर, पिशवी काढणं, अपेंडिक्स, काहीही. बाहेरचे टाके भरतात, पण आत कधी कधी आतडी एकमेकांना चिकटतात. त्रास वर्षानुवर्षांनीही होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी जुनं ऑपरेशन आपणच सांगायचं. दुसरं कारण हर्निया. जांघेतली किंवा बेंबीजवळची गाठ कित्येक जणी पदराआड लपवतात. ती गाठ अचानक दुखू लागली, आत जाईना, तर त्याच दिवशी दवाखाना. आतड्याचा टीबीही आपल्याकडे आढळतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. लहान मुलांत जंतांचा गोळा अडकू शकतो, तेव्हा अंगणवाडीतली जंताची गोळी चुकवू नका.

ओळखायचं कसं? कळ येते, थांबते, पुन्हा येते. उलटी होते, पुढे हिरवी-पिवळी. पोट फुगतं. शौच नाही, वारासुद्धा सरत नाही. अशा वेळी घरी काय होतं? "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळतात, एरंडेल पाजतात. आतडं अडकलेलं असताना जुलाब दिला तर आतला ताण वाढतो, आतडं फुटूही शकतं. खायला-प्यायला काही देऊ नका. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात नाकातून नळी घालून तुंबलेलं बाहेर काढतात, सलाईन लावतात, एक्स-रे काढतात. चिकटलेलं आतडं पुष्कळदा एवढ्यानंच मोकळं होतं. पण आतड्याचा रक्तपुरवठा थांबला तर तो भाग काही तासांत काळा पडून मरतो. मग पोट उघडून तेवढा तुकडा कापतात आणि दोन टोकं जोडतात. कधी जोड लगेच घालता येत नाही, तेव्हा आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावतात. बऱ्याचदा ते नंतर पुन्हा आत जोडता येतं. थोडं आतडं गेलं म्हणून माणूस अधू होत नाही. ऑपरेशननंतर डॉक्टर रोज विचारतात, "वारा सरला का?" लाजू नका, आतडं चालू झाल्याची ती खूण आहे.

आता पैशाचं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या खाजगी दवाखान्यात गेलात तर तिथल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. रेशन कार्ड आणि आधार लागतं. कागद शोधत रात्र घालवू नका, पेशंट आधी हलवा. कागद घेऊन घरचं कोणीतरी मागून येईल. गाडीभाड्यासाठी गटाच्या बचतीतून त्याच रात्री किती रक्कम देता येईल, हे येत्या बैठकीत ठरवून ठरावात लिहून ठेवा.