कोंबडीच्या पायाचे खवले

आमच्या घरी सहा कोंबड्या व एक कोंबडा आहे. त्यांत तांबडी सर्वांत म्हातारी. ती खुडूक झाली की आजी तिच्याखाली अंडी ठेवते. श्रावणात ती लंगडू लागली. पाय जाड झाले, खवले वर उचलले गेले आणि त्यांच्यात पांढरा भुसा साचला. आजी म्हणाली, "वय झालं तिचं." बाबा म्हणाले, "रविवारी बाजारात विकून टाकू."

मला फार वाईट वाटले. दुपारी कोणी नसताना मी तिला धरले आणि नखाने दोन खवले उपटले. मला वाटले, घाण काढली की बरे वाटेल. पण खालून रक्त आले. ती ओरडली. मी घाबरून तिला सोडले व घरात कुणाला सांगितले नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला पाटीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त कुठून आले ते विचारले. मी खरे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खवले कधी उपटू नयेत. जखम होते."

मग त्यांनी समजावले. हा म्हातारपणाचा रोग नाही, किड्यांचा आहे. किड्याचे नाव नेमिडोकॉप्टिस. तो अर्ध्या मिलिमीटरहून लहान, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला आठ पाय, म्हणजे तो कोळ्याच्या व विंचवाच्या गोतातला! तो खवल्याखाली बीळ करून राहतो. उपचार केला नाही तर बोट झडूनसुद्धा जाते. बाजारात विकली असती तर दुसऱ्याच्या खुराड्यात रोग गेला असता. हे मी बाबांना सांगितले तेव्हा ते गप्प बसले.

उपाय असा. कोमट साबणाच्या पाण्यात पाय दहा मिनिटे भिजवायचे. दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने हळू चोळायचे. जे आपोआप सुटेल तेवढेच काढायचे. पुसून कोरडे करून व्हॅसलीन दाट लावायचे, म्हणजे किडे गुदमरतात. आजी रॉकेल लावणार होती. त्याने कातडी भाजते, म्हणून डॉक्टरांनी नको म्हटले. रोग फार वाढला तर आयव्हरमेक्टिन हे औषध असते. ते डॉक्टरांनीच द्यायचे, कारण वजन पाहून द्यावे लागते व नंतर काही दिवस अंडी खायची नसतात.

मी एक दिवसाआड महिनाभर हे केले. आई पाय धरायची, मी ब्रश मारायची. पहिल्या दिवशी तांबडीने घमेले उलटे केले आणि आम्ही दोघी भिजलो. खुराड्यातल्या जुन्या काठ्या जाळल्या, फटींना चुना लावला. बाकीच्या कोंबड्यांचेही पाय पाहिले. कोंबड्याच्या बोटांवर सुरुवात झाली होती! त्यालाही धरले, पण तो चोच मारतो.

मामाकडे पिंजऱ्यात बजरीगर पक्षी आहेत. (लोक त्यांना लव्हबर्ड म्हणतात.) त्यांना याच किड्याचा भाऊबंद लागतो. त्यांच्या चोचीवर आधी खपली धरते. मी मामाला पत्रात कळवले आहे.

तांबडी खुडूक झाली तरी पाय बरे होईपर्यंत आजीने तिला अंड्यांवर बसवले नाही, कारण आईचे किडे पिलांना लागतात. दिवाळीनंतर बसवली. नवे खवले गुळगुळीत आले आहेत. मी उपटले होते तेथे मात्र अजून डाग आहे. आजीने विचारले, तेव्हा तिलाही सांगून टाकले. आज अंड्यांचा सोळावा दिवस आहे.

— इयत्ता चौथी