बॉक्सवर हजार वॅट, मीटरवर शंभर
घरात रोपं वाढवण्यासाठी एलईडी दिवा घेताय? आधी हा हिशेब करा

माझा पहिला दिवा जांभळ्या उजेडाचा होता. बॉक्सवर ठसठशीत ‘1000 वॅट’. एका रविवारी फ्रिज, पंखे, वायफाय सगळं बंद केलं, फक्त तो दिवा चालू ठेवला आणि जिन्यातल्या वीजमीटरपाशी घड्याळ लावून उभा राहिलो. मीटरवर 3200 इम्पल्स प्रति युनिट असं छापलं होतं, म्हणजे लाल ठिपका 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. दहा मिनिटांत तो 53 वेळा लुकलुकला. हजार वॅटचा दिवा असता तर सव्वापाचशेच्या वर जायला हवा होता. म्हणजे दिवा निघाला जेमतेम 100 वॅटचा.

ही चाचणी फुकट आहे, आणि दिवा परत करायची मुदत संपायच्या आत करायची असते. मी ती नंतर केली.

कुठला आकडा बघायचा?
लुमेन हे माणसाच्या डोळ्यांचं माप. रोपाला लागतात 400 ते 700 नॅनोमीटरमधले प्रकाशकण. ते सेकंदाला किती बाहेर पडतात, तो आकडा म्हणजे पीपीएफ. त्याला खऱ्या वॅटनी भागा. उत्तर 2.5 किंवा जास्त आलं तर दिवा चांगला. 1.5 च्या खाली आलं तर घरातल्या साध्या एलईडी ट्यूबमध्ये आणि त्याच्यात फरक नाही. विक्रेता पीपीएफ सांगतच नसेल तर पुढचं दुकान बघा.

आणखी एक गोम आहे. हे दिवे आणि ते टांगून आत रोपं वाढवायचे तंबू परदेशात मुख्यतः घरगुती गांजा लागवडीच्या जोरावर खपले. त्यामुळे बॉक्सवर ‘व्हेज’ (वाढ) आणि ‘ब्लूम’ (फुलोरा) यांसाठी दिलेली क्षेत्रफळं त्या झाडाच्या भुकेची असतात. आपल्याकडे परवान्याशिवाय गांजाचं रोप लावणं 1985 च्या एनडीपीएस कायद्याने गुन्हा आहे, कुंडीतलं एक रोपही. कोथिंबीर, लेट्यूस, बेसिल यांना त्याच्या निम्म्याहून कमी उजेड पुरतो. बॉक्सवरच्या शिफारशीने गेलात तर गरजेच्या दुप्पट दिवा गळ्यात पडेल.

किती वॅट पुरतील?
दोन बाय दोन फुटांच्या जागेत पालेभाजीला रोज 16 तास उजेड द्यायचा, तर चांगला दिवा खरे 45 वॅट खातो. सुमार दिव्याला त्याच कामासाठी 80 लागतात. मिरची-टोमॅटोसारख्या फळधारी रोपांसाठी हे आकडे दुप्पट धरा.

खरेदीचा खर्च (ढोबळ भाव)
- चार फुटी 20 वॅटच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, चार नग: साधारण 1,000 रुपये. चार फूट लांब, एक फूट रुंद फळीवर रोपांपासून वीतभर उंच लावा.
- खरे 50 ते 100 वॅट देणारा, उजेड कमी-जास्त करता येणारा एलईडी बोर्ड: 3,500 ते 7,000 रुपये.
- टायमर: 500 रुपये. यात काटकसर नको. हाताने चालू-बंद करणारा माणूस आठवड्याभरात विसरतो.
- तंबू आणि पंखा: 5,000 ते 8,000 रुपये. पालेभाजीला बहुधा गरज नाही. तिन्ही बाजूंनी पांढरा थर्माकोल उभा केला तरी उजेड परत फिरतो.

महिन्याचा खर्च
45 वॅट, रोज 16 तास: महिन्याला साधारण 22 युनिट. 80 वॅटला 38. हे युनिट घरच्या वापरावर चढतात, म्हणून सरासरी दर धरू नका. तुमचं बिल ज्या स्लॅबला थांबतं त्याचा दर घ्या आणि वहन आकार, वीज शुल्क मिळवा. सोयीसाठी 10 रुपये धरले तरी एकाला 220, दुसऱ्याला 380. वर्षाला दोन हजारांच्या आसपास फरक. बारमाही वापर असेल तर महागडा बोर्ड दोन-तीन वर्षांत वरचे पैसे फेडतो. फक्त पावसाळ्यात मिरचीची रोपं तयार करायची असतील तर ट्यूबच बऱ्या.

घेताना तपासा
सहसा आधी जातो तो ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारा भाग. त्यावर बीआयएसचा नोंदणी क्रमांक हवा आणि तो वेगळा बदलता यायला हवा. वॉरंटी लेखी घ्या. बिघडलेला दिवा पाठवायचा कुरियर खर्च कोणाचा, हेही त्यात असू द्या. प्लग तीन पिनांचा, अर्थिंगसह. पाणी घालताना दिवा बंद.

परवडतं का?
मेथीसाठी नाही. माझ्या फळीवर महिन्याभरात दोन-तीन जुड्या निघाल्या आणि तेवढ्यासाठी वीज गेली चारशेच्या घरात. मंडईत त्या पैशांत पिशवी भरते. दहा दिवसांत हाती येणारे मोहरी-मुळ्याचे मायक्रोग्रीन्स किंवा दुकानात चिमूटभर पुडीला भाव खाणारी बेसिल असेल तर हिशेब जमतो. आणि खिडकीत तीन-चार तास ऊन येत असेल, तर दिवा घेऊच नका. त्या उन्हाचं बिल येत नाही.