श्वासाची अमानत : तरुण, धूम्रपान आणि व्यायाम

कयामतच्या दिवशी माणसाला काही प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतील, अशी प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे. आयुष्य कशात घालवले, धन कोठून मिळवले व कशावर खर्चले, शरीर कशात झिजवले, हे त्यांतील प्रश्न. नांदेडच्या पानटपरीवर उभा राहणारा किंवा शिकवणीसाठी लातूरला खोली करून राहणारा तरुण सिगारेट पेटवतो, तेव्हा तो या सर्वच प्रश्नांना हात घालत असतो. खर्च होणारे धन बहुधा वडिलांच्या घामाचे असते; झिजणारे शरीर तर अल्लाहची अमानत आहे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "जुन्या विद्वानांनी तंबाखूला केवळ मकरूह म्हटले होते." या म्हणण्यामागचा इतिहास पाहिला पाहिजे. तंबाखू ही अमेरिका खंडातून आलेली वस्तू. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने ती आपल्या शेजारच्या विजापुरातून अकबराच्या दरबारात नेली, तेव्हा तिच्या गुणदोषांवर तेथे हकिमांचा वाद झाला. 1617 मध्ये जहांगीराने तिच्यावर बंदी घातली. वस्तू नवी, परिणाम अज्ञात. म्हणून फुकहांमध्ये मुबाह, मकरूह व हराम अशी तिन्ही मते होती. आज ते अज्ञान उरलेले नाही. स्वतःला विनाशात लोटू नका, ही कुरआनची ताकीद (सूरह बकरा, 195) आणि स्वतःला वा दुसऱ्याला हानी पोहोचवू नये, हे हदीसचे तत्त्व समोर ठेवूनच अनेक समकालीन विद्वान धूम्रपानाला हराम ठरवतात. मकरूह म्हणणाऱ्यांनीही त्याला कधी चांगले म्हटलेले नाही.

आता हानी नेमकी कशी होते ते पाहू. पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडला असता पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, यावरून डॉक्टर फुप्फुसांची कार्यक्षमता मोजतात. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. ही क्षमता साधारण वीस ते पंचविसाव्या वर्षापर्यंत वाढते, काही काळ स्थिर राहते आणि मग निरोगी माणसातही दरवर्षी सुमारे 25 ते 30 मिलिलिटरने घटते. किशोरवयात धूम्रपान सुरू केल्यास मुळात ही वाढच खुंटते. पुढे अनेक धूम्रपान करणाऱ्यांमध्ये घट जवळजवळ दुप्पट वेगाने होते. म्हणजे भांडवल कमी आणि खर्च अधिक. बिडी सौम्य असते, हा तर निव्वळ भ्रम आहे. ती विझू नये म्हणून वारंवार झुरके घ्यावे लागतात आणि तिच्या धुरातून टार व कार्बन मोनॉक्साइड भरपूर प्रमाणात शरीरात जातात.

"मी रोज व्यायाम करतो, मला काही होत नाही," असे सांगणारे तरुणही भेटतात. व्यायामाची थोरवी इस्लामला मान्यच आहे. दुर्बल श्रद्धावंतापेक्षा सबल श्रद्धावंत अल्लाहला अधिक प्रिय असतो, असे सहीह मुस्लिममधील हदीस सांगते. नियमित व्यायामाने हृदय अधिक रक्त पुरवते, श्वसनाचे स्नायू बळकट होतात आणि शरीर प्राणवायूचा वापर अधिक चांगला करते. परंतु धुराने नष्ट झालेले वायुकोश व्यायामाने पुन्हा निर्माण होत नाहीत. उलट, कमावलेला दम आतील झीज झाकून ठेवतो. फुप्फुसांची राखीव क्षमता मोठी असल्याने धाप लागू लागते तेव्हा बरेच काही गमावलेले असते.

पोलीस भरतीसाठी पहाटे 1600 मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या आपल्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. मग फुप्फुसे कितीही भरली तरी पायांपर्यंत प्राणवायू कमीच पोहोचतो. पहाटे मैदानावर कमावलेले संध्याकाळी टपरीवर गमावले जाते.

सुवार्ता अशी की तौबेचे दार येथेही उघडे आहे. धूम्रपान सोडल्यावर एक-दोन दिवसांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड ओसरतो, आणि फुप्फुसांच्या घटीचा वेग पुढे जवळजवळ निरोगी माणसाइतका होतो. गमावलेले सारे परत येत नाही. म्हणून तारुण्याचे मोल वार्धक्यापूर्वी जाणावे.

रमजानमध्ये आपला तरुण सहरीपासून इफ्तारपर्यंत तेरा-चौदा तास धुराविना राहतो. म्हणजे सोडण्याचे सामर्थ्य त्याच्यात आहे; फक्त ते खजुरानंतर लगेच टपरीकडे वळता कामा नये. त्याने नियत करून एक दिवस ठरवावा, तलफ आली की वुजू किंवा मिसवाक करावे, दहा मिनिटे चालावे. तलफ बहुधा तेवढ्यात ओसरते. तरीही जमत नसेल तर 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. तो घेण्यात कमीपणा नाही. उपचार करणे ही प्रेषितांचीच शिकवण आहे.

पालकांनीही मुलाला बिडीचे बंडल आणायला दुकानात धाडू नये आणि घरात धूर करू नये. कांदा-लसूण खाऊन मशिदीत येण्यास प्रेषितांनी मनाई केली, कारण त्या वासाने इतरांना त्रास होतो. मग ज्या घरात पत्नी व लेकरे श्वास घेतात, तेथे धुराला जागा कशी असेल?

अल्लाह आपल्या तरुणांना निर्मळ श्वास आणि तो सत्कारणी लावण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.