पुनरावृत्त नोंदींच्या विश्लेषणासाठी ‘आर’ प्रणालीत ‘एलएमई-४’ पॅकेजची स्थापना

संधिवाताच्या ३० रुग्णांची वेदना चिकित्सेपूर्वी, १५व्या दिवशी व ३०व्या दिवशी मोजली असता हाती ९० नोंदी येतात; परंतु रुग्ण ३०च असतात. एकाच रुग्णाच्या तीन नोंदी परस्परांशी निगडित असल्याने त्यांना ९० स्वतंत्र रुग्णांच्या नोंदी मानून केलेले गणित फसवे ठरते व निष्कर्ष परीक्षणात टिकत नाही. अशा नोंदींसाठी ‘मिश्र प्रतिमान’ ही संख्याशास्त्रीय पद्धती योग्य असून ‘आर’ या विनामूल्य प्रणालीतील ‘एलएमई-४’ पॅकेज त्यासाठी उपलब्ध आहे. अनेक वैद्यांचे काम मात्र पॅकेजच्या स्थापनेपाशीच अडते. म्हणून त्या विधीचा येथे विचार करीत आहोत.

स्वरूप

‘आर’ची निर्मिती न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी केली. तिची १.० ही आवृत्ती २००० साली प्रसिद्ध झाली. तिची पॅकेजेस ‘क्रॅन’ या अधिकृत संग्रहात मिळतात. काही पॅकेजेस केवळ ‘आर’च्याच भाषेत असतात. ‘एलएमई-४’मधील अवजड आकडेमोड मात्र ‘सी प्लस प्लस’ भाषेत आहे. ती कंपायलरने यंत्रभाषेत रूपांतरित केल्याशिवाय चालत नाही. त्यामुळे असे पॅकेज दोन रूपांत मिळते : मूळ प्रत (सोर्स) म्हणजे जणू कच्ची द्रव्ये, आणि तयार प्रत (बायनरी) म्हणजे सिद्ध कल्प.

पूर्वकर्म

विंडोज संगणकावर प्रथम ‘आर’ची चालू आवृत्ती घ्यावी, कारण फार जुन्या आवृत्तीसाठी नव्या तयार प्रती बनविल्या जात नाहीत. फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरे वा मोकळी जागा टाळावी. रुग्णांची नावे काढून केवळ क्रमांक ठेवावेत.

प्रधानकर्म

‘इन्स्टॉल डॉट पॅकेजेस’ ही आज्ञा देऊन कंसात, अवतरणचिन्हांत पॅकेजचे नाव लिहावे. आज्ञा अर्थातच रोमन लिपीत टंकित करावयाची आहे. मूळ प्रत तयार प्रतीहून नवी असल्यास ती कंपाइल करावी काय, असा प्रश्न येतो. नेहमीच्या कामासाठी ‘नो’ हेच उत्तर पुरेसे आहे. तयार प्रत स्थापित होते.

मूळ प्रतच हवी असल्यास ‘आरटूल्स’ हा साधनसंच लागतो. तो ‘आर’च्या आवृत्तीशी जुळणारा असावा : ४.४ साठी ‘आरटूल्स ४४’, ४.५ साठी ‘आरटूल्स ४५’. लिनक्सवर ‘क्रॅन’मधून पॅकेज घेताना सामान्यतः मूळ प्रतच येते, म्हणून उबुंटूमध्ये ‘आर-बेस-डेव्ह’ हा संच आधी घालावा.

स्थापना फसल्यास पडद्यावरील शेवटची ओळ केवळ अपयश कळविते. ते लक्षण होय. हेतू शोधण्यासाठी वर जाऊन ‘एरर’ हा शब्द प्रथम जेथे आला तेथे वाचावे. बहुधा कंपायलर नसणे किंवा एखादे पूरक पॅकेज नसणे, हे कारण तेथेच लिहिलेले असते.

पश्चात्कर्म

स्थापनेनंतर स्वतःच्या नोंदींकडे वळण्यापूर्वी परीक्षा करावी. पॅकेजमध्येच ‘स्लीपस्टडी’ हा नोंदसंच आहे : झोप कमी केलेल्या १८ व्यक्ती, प्रत्येकीचे १० दिवस, एकूण १८० नोंदी. प्रत्येक व्यक्तीचा आरंभ व दैनिक बदल वेगळा धरून ‘एलएमईआर’ ही आज्ञा चालविल्यास सरासरी प्रतिक्रियाकाल दररोज सुमारे १०.४७ मिलिसेकंदांनी वाढलेला दिसतो. हा आकडा आला, म्हणजे पॅकेज नीट चालत आहे.

अखेरीस ‘सेशनइन्फो’ ही आज्ञा देऊन ‘आर’ व पॅकेज यांच्या आवृत्त्या नोंदवाव्यात आणि त्या शोधनिबंधात द्याव्यात. कल्पाचा पाठ व मात्रा दिल्याशिवाय दुसऱ्या वैद्याला तो सिद्ध करता येत नाही. गणिताचेही तसेच आहे. आपल्या चिकित्सेचा परिणाम इतरांना पडताळता यावा, यासाठीच हा सारा खटाटोप.