टेस्ट पास, तेल नापास

बिलावर छापलंय : 'प्रेशर टेस्ट – पास'. त्याच्या खालच्या ओळीत 'पंखा काढून शाफ्टला ग्रीस'. दोन्हीचे पैसे वेगळे, वर जीएसटी. हे बिल मी जपून ठेवलंय. कारण मांडव्याच्या जेट्टीवर आजही कुणी ना कुणी भेटतो आणि म्हणतो, "तुम्ही बोट रेतीत चढवता ना, म्हणून ड्राइव्ह गेला." ही बातमी पसरवली कुणी, तर ज्याने हे बिल दिलं, मुंबईच्या त्याच वर्कशॉपवाल्याने. तेव्हा काय घडलं ते एकदा लिहूनच टाकतो. ज्यांच्या बोटीला स्टर्नड्राइव्ह आहे त्यांना उपयोगही होईल.

हंगामाच्या सुरुवातीला तेल बदललेलं होतं. दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आधी ड्राइव्हचा खालचा नट सैल करून थोडं तेल काढून पाहिलं, तर दूध जास्त पडलेल्या चहासारखं. चांगलं गिअर ऑइल कंपनीप्रमाणे पिवळट, निळसर किंवा हिरवट असतं, पण त्यातून आरपार दिसतं. पांढरं झालं की पाणी शिरलं, यात दुमत नाही. शंका असेल तर तेलाचा एक थेंब गरम तव्यावर टाका, लांब उभे राहून आणि घरच्या पोळीच्या तव्यावर नको. तडतडलं की पाणी. नुसता धूर निघाला तर पाणी नाही.

वर्कशॉपवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, कोकणातली हवा दमट. थोडं पाणी धरतंच तेल." बंद ड्राइव्हमधलं तेल हवेतल्या दमटपणाने इतकं पांढरं होत नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं. मग म्हणाला, ड्राइव्ह पाठवून द्या. माझा ड्राइव्ह मागचे सहा नट काढले की अख्खा सुटून येतो. पाठवला. परत आला तो या बिलासकट. नवीन तेल, नटांचे नवे वायसर आणि 'टेस्ट पास'. थोडे दिवस बोट चालवली आणि तेल पुन्हा पांढरं. पुन्हा पाठवला, पुन्हा पास. त्यानंतर रेतीची गोष्ट निघाली, मग 'तुम्ही भलतंच तेल घातलं असेल' निघालं, आणि शेवटी त्याने फोन उचलणंच सोडलं. दिवाळीची बुकिंगं मी दुसऱ्यांच्या बोटींना वाटून दिली. त्या भाड्याचं कुणी बोलत नाही.

व्होल्वो पेंटाने 1959 साली अ‍ॅक्वामॅटिक हा स्टर्नड्राइव्ह बाजारात आणला, तेव्हापासून इंजिन बोटीत आणि गिअर बाहेर पाण्यात ही रचना जगभर चालू आहे. गिअर पाण्यात बुडालेले, मध्ये आडवी फक्त रबरी सीलं. इतक्या जुन्या यंत्रात पाणी कुठून येतं हे शोधायची पद्धतही तितकीच जुनी आहे. ती अर्धीच करून पूर्ण पैसे घेतले, एवढीच माझी तक्रार.

अर्धी कशी ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. पंख्याच्या शाफ्टवर दोन सीलं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात. आतल्या सीलाची ओठासारखी कड आतल्या बाजूला, तिचं काम तेल बाहेर जाऊ न देणं. बाहेरच्याची कड बाहेर, तिचं काम पाणी आत येऊ न देणं. ड्राइव्हमध्ये हवेचा दाब भरलात तर तो आतल्या सीलावर येतो. ते शाबूत असलं की काटा हलत नाही. बाहेरचं सील फाटून चिंध्या झालेलं असलं तरी टेस्ट पास! उलट ड्राइव्हमधली हवा ओढून घेतली, की आतल्या सीलाची कड उचलली जाते आणि सगळा भार बाहेरच्यावर पडतो. समुद्रात हेच होतं. तासभर जोरात पळवलेला ड्राइव्ह तापलेला असतो. बोट थांबली की तो पाण्यात झपाट्याने थंड होतो, आतली हवा आणि तेल आकसतं, आणि ड्राइव्ह पाणी ओढून घेतो. माझ्या जुन्या मॉडेलला ड्राइव्हला जोडलेली इंजिनजवळची तेलाची बाटलीही नाही, त्यामुळे ही ओढ भरून काढायला दुसरी वाट नव्हती.

हे मला करंज्याच्या एका मेस्त्रींनी दाखवलं. ते ट्रॉलरांची इंजिनं करतात आणि स्टर्नड्राइव्ह त्यांच्याकडे क्वचितच येतो, पण माणूस घाई न करणारा. त्यांच्याकडे ब्रेकची हवा काढायचा हातपंप होता, त्याला घड्याळ लावलेलं. तेल पूर्ण गाळून त्यांनी नळी वरच्या भोकाला जोडली, खालचा नट बंद केला आणि ओढ दिली. काटा थांबला. मी म्हटलं, "झालं, इथेही पास." ते म्हणाले, "थांबा शेठ, पंखा फिरवा." मी पंखा हाताने हळूहळू फिरवायला लागलो आणि काटा सरकायला लागला. पंखा थांबवला की काटा थांबे, फिरवला की पुन्हा खाली. एवढे दिवस ज्याच्यासाठी लोकांनी मला रेतीवरून ऐकवलं, ते त्या वाटोळ्या काचेत माझ्यासमोर चाललं होतं.

मग पंखा काढला. पंख्याच्या मागच्या जाड वायसरच्या आड तंगूस गुंडाळलेला, आणि गरम होऊन त्याचं काळं कडं बनलेलं. मुंबईच्या खाडीतून मांडव्याला येताना जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ते कडं नव्याने झालेलं नव्हतं, मेस्त्री पाहताक्षणी म्हणाले. म्हणजे 'पंखा काढून शाफ्टला ग्रीस' ही बिलातली ओळ कशाची, ते तुम्हीच ठरवा. पंखा एकदा जरी काढला असता तरी शिकाऊ पोरालाही तो तंगूस दिसला असता. बाहेरच्या सीलाची कड अर्धी कापलेली होती. आतलं सील बिचारं ठणठणीत.

दुरुस्तीत एक गोष्ट लक्षात ठेवा. सील बदलायच्या आधी शाफ्टवर नखाने ओढून बघा. जुन्या सीलाने शाफ्टवर खाच पाडलेली असेल आणि नखाला ती लागत असेल, तर नवीन सीलही गळणार. पातळ धातूची बाही बसवावी लागते किंवा शाफ्ट बदलावा लागतो. बेअरिंग ज्या घरात बसतं त्याची ओ-रिंगही बदला. ती काही रुपयांची असते आणि ती वाचवायला गेलात तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. सील बसायच्या जागी अ‍ॅल्युमिनियमला मीठ लागून खड्डे पडले असतील तर दुरुस्तीपेक्षा जस्ताच्या वड्यांकडे आधी बघा. त्या संपल्या की समुद्र ड्राइव्ह खायला लागतो.

पाणी पंख्याकडूनच येतं असं नाही. वॉटर पंपाखालचं शाफ्टचं सील, गिअर टाकायच्या दांडीचं सील, वरच्या झाकणाची ओ-रिंग, आणि वरचा व खालचा भाग जोडतात तिथल्या रिंगा, एवढ्या जागा पाहाव्याच लागतात. सगळ्यात साधी म्हणजे नटाचे वायसर. तेल बदललं की ते नवे घाला. ड्राइव्ह काढलेला असताना बोटीच्या बाजूचा रबरी बेलो आरशात बघून वळ्यांमध्ये चीर शोधा. तो फाटला तर तेलाचं राहू द्या, बोटच पाण्याने भरेल.

टेस्ट स्वतः उभं राहून करून घ्या. दोन्ही टेस्ट, दाबाची आणि ओढीची. दाब किती द्यायचा हा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, साधारण 10 ते 15 पीएसआय. टायरवाल्याच्या कंप्रेसरची नळी सरळ लावू नका, चांगली सीलं निखळून बाहेर येतील. निदान 5 मिनिटं काटा पाहा. त्या वेळात पंखा फिरवा, गिअर पुढे-मागे टाका आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. शाफ्ट न फिरवता केलेल्या टेस्टला मी यापुढे टेस्ट म्हणणार नाही. आणि बिल वाचून सही करा, हे सांगायला हवं असं नाही, पण सांगतो.

ज्यांच्या इंजिनजवळ तेलाची बाटली आहे त्यांनी रोज तिच्यावर नजर टाकावी. पातळी खाली गेली तर तेल बाहेर जातंय. वर आली किंवा तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत येतंय. मुंबईतला तो वर्कशॉपवाला गिऱ्हाइकांना ही बाटली विकतो, पण तिच्याकडे बघायचं कसं ते सांगत नाही.

दुरुस्ती झाल्यावर भरलेलं तेल थोडं चालवून काढून टाका. कानाकोपऱ्यात उरलेलं पाणी त्यात येतं आणि तेल जरा धूसर दिसतं, लगेच घाबरू नका. दुसऱ्या भरण्यातही पांढरं दिसलं तर मात्र गळती चालू आहे. तेल खालच्या भोकातून वर चढवत भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. वरून ओतलं की आत हवा अडकते आणि चार दिवसांनी तेल कमी दिसतं, मग त्याचाही दोष गळतीवर जातो. तेल बोटीच्या ड्राइव्हसाठीचंच घ्या, ट्रकवाल्यांचं नको.

आणि पाणी शिरलंय हे कळलं, पण मेस्त्री आठवडाभर मिळत नाही असं झालं, तर ते तेल ड्राइव्हमध्ये ठेवून वाट बघू नका. त्याच दिवशी गाळा, नवीन भरा, बोट बाहेर ओढा. बेअरिंगला गंज चढायला खाऱ्या पाण्याला फार दिवस लागत नाहीत. याच कारणासाठी तेल पावसाळ्यानंतर बदलायची इथली पद्धत मला पटत नाही. मे महिन्यात बोट वर घेतली की लगेच बदला. पाणी असेल तर तेव्हाच दिसतं, आणि सील मागवायला पावसाळ्याचे चार महिने हातात असतात. मेस्त्रीही त्या दिवसांत मोकळे असतात.