कोवळ्या वयातील व्यसन आणि मनातील जुना घाव

"डॉक्टर, भाकरीत मिसळून देता येईल अशी काही पावडर आहे का? त्याला कळू न देता द्यायची आहे." हा प्रश्न मला महिन्यातून एकदोनदा तरी ऐकावा लागतो. पूर्वी तो बायका नवऱ्यासाठी विचारीत. अलीकडे आया मुलांसाठी विचारतात आणि मुलाचे वय सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. सोळा, पंधरा, कधी चौदा.

या पावडरीबद्दल आधी सांगून टाकतो. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचे औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. क्वचित प्राणही जातात. म्हणून ते रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. 'गुपचूप दारू सोडवा' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत काय घातलेले असते ते घेणाऱ्याला कधीच कळत नाही. शिवाय मावा, गांजा, सोल्युशन किंवा एमडी सोडवायला डायसल्फिरामचा उपयोग नाही. तेव्हा भाकरीतल्या औषधाचा विषय येथेच संपवू.

माझा दवाखाना सातारा व सांगली जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. या भागात मुलांची सुरुवात बहुधा तंबाखूने होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण मावा टपरीवर समोर घोटून मिळतो. त्यापुढचा रस्ता प्रत्येकाचा वेगळा. पालकांच्या सर्वात कमी लक्षात येणारी नशा म्हणजे हुंगण्याची. पंक्चरचे सोल्युशन, थिनर, व्हाइटनर रुमालावर घ्यायचे आणि नाकाशी धरायचे. स्वस्त, कोठेही मिळणारे, आणि तोंडाला दारूचा वास नाही. दिल्लीच्या एम्सने केलेली देशभरातील पाहणी केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केली. त्यात हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वर्षांच्या मुलांत १.१७ टक्के आढळले. मुले मोठ्यांच्या पुढे आहेत ती याच एका नशेत. ही वाफ मेंदू, नसा व मूत्रपिंड यांना इजा करते. हुंगल्यावर मूल एकदम घाबरले किंवा पळाले तर हृदयाचे ठोके बिघडून जागच्या जागी मृत्यू येऊ शकतो. हे पहिल्याच वेळीही घडू शकते.

एमडीच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडला साठा पकडला, मार्चमध्ये मुंबई पोलिसांनी कवठेमहांकाळ तालुक्यातील इरळीत कारखाना उघडकीला आणला, जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे एमआयडीसीत आणखी एक सापडला. धोका खरा आहे. पण त्या बातम्यांनी धास्तावलेले पालक मुलाच्या खिशात पांढरी पूड शोधतात आणि त्याच खिशातला हातरुमाल हुंगून पाहत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. दहा मुलांनी एकदा चाखले म्हणून दहाही अडकत नाहीत. कोण अडकतो? एक कारण वयाचे. मौजेची ओढ लावणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो आणि लगाम घालणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो. पण वय तर सगळ्यांचेच सारखे. अडकणाऱ्या अनेक मुलांत दुसरे काहीतरी असते, आणि ते घरातल्यांना दिसत असूनही व्यसनाशी जोडले जात नाही.

अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट आन्डा यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी मारहाण झाली का, लैंगिक अत्याचार झाला का, आईला मार खाताना पाहिले का, घरात कोणी व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेले होते का, असे प्रश्न त्यांनी हजारो प्रौढांना विचारले. ज्यांना असे चार किंवा अधिक प्रकार भोगावे लागले होते त्यांच्यात दारूचे व्यसन, अमली पदार्थ, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, यातले काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट होता. दारुड्या बापाचे पोर दारूकडे गेले की आपण 'रक्तातच आहे' म्हणतो. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. पण त्या पोराने रात्री दाराआड उभे राहून काय पाहिले, हे आपण हिशेबात धरत नाही.

त्या अभ्यासाच्या यादीत महापूर नव्हता. आपल्याकडे तो धरावा लागेल. कृष्णाकाठच्या एका मुलाची हकीकत त्याच्या व घरच्यांच्या परवानगीने सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दहावीत असताना आईने त्याला आणले. रात्री झोप नाही, दिवसा पेंग, दप्तर घरी आणि मुलगा पंक्चरच्या दुकानामागे. नाकाभोवती पुरळ, बाहीला सोल्युशनचा वास. वडिलांनी पट्ट्याने मारून झाले होते, दोन महिने मामाकडे ठेवून झाले होते, ग्रामदैवतापुढे शपथ घालून झाली होती. शपथ नऊ दिवस टिकली.

'का घेतोस?' हा प्रश्न मी अशा मुलांना विचारत नाही. उत्तरादाखल नुसते खांदे उडवले जातात. 'कधी घेतोस?' असे विचारले. तो म्हणाला, झोपायच्या आधी. "आणि नाही घेतलं तर?" बराच वेळ खाली बघून तो म्हणाला, "मग म्हसरं वरडत्यात."

पुढचे कळायला तिसरी भेट उजाडली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट. हा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. पाणी अंगणात शिरले तशी वडिलांनी त्याला गोठ्यातली दावी सोडायला पाठवले. गोठ्यात काळोख, पाणी त्याच्या कमरेला. तो दारातूनच परतला आणि 'सोडली' म्हणाला. रात्रभर सगळे माडीवर बसून होते. दोन म्हशी आणि एक रेडकू खुंट्यालाच बुडाले. नंतर घरी त्याला कोणी एका शब्दाने विचारले नाही. पोराला गाठ सुटली नसेल, असे वडिलांनी धरले होते. ते न विचारणेच त्याला जड गेले.

याला मनाचा घाव म्हणावे. अंगावरच्या घावाला खपली धरते, हा आत ओला राहतो. तोच प्रसंग स्वप्नात येतो, एखाद्या आवाजाने वा वासाने पुन्हा समोर उभा राहतो, त्या जागेकडे जाणे टाळले जाते, मूल दचकते, चिडते, एकलकोंडे होते. मग कोणीतरी सोल्युशन देतो आणि त्या रात्री झोप लागते. मुलाच्या दृष्टीने त्याला औषध सापडलेले असते. ते काढून घ्यायचे तर ज्याच्यावर ते घेतले जात होते त्यावर उपचार केलेच पाहिजेत. नाहीतर मूल सोल्युशन सोडते आणि दारू धरते.

नशा अंगातून उतरवणे हे काम तुलनेने थोड्या दिवसांचे असते. तरीही ते घरी करू नये. रोज भरपूर दारू घेणाऱ्याने ती एकदम बंद केली तर दोनतीन दिवसांत झटके व वात होऊ शकतो. गर्दसारख्या पदार्थांत अंगदुखी, जुलाब, तळमळ यांचे आठदहा दिवस वाईट जातात. शिवाय काही काळ बंद ठेवून पुन्हा पूर्वीइतकीच मात्रा घेतली तर श्वास थांबून जीव जातो. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून देऊ नयेत. त्यांचीही सवय जडते.

खरे काम पुढे असते आणि ते महिन्यांचे असते. मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, आणि घरचे. घाव उकरून काढायची घाई तज्ज्ञही करीत नाहीत. आधी झोप, जेवण, सुरक्षित वाटणे. मग मुलाच्या गतीने बोलणे. आपल्याकडे या कामाची वाट पुण्याच्या मुक्तांगणने दाखवली. गर्दने शहरांतली तरुण मुले पोखरायला सुरुवात केली होती त्या काळात, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांचे साहाय्य त्यामागे होते. डॉ. अनिता १९९७ साली गेल्या, पण व्यसनातून बाहेर पडलेल्या माणसांनीच नव्या रुग्णाला हात द्यायचा, आणि पत्नी व घरच्यांनाही उपचारात घ्यायचे, ही तिथली रीत टिकली. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन संस्था उभारली. ते साताऱ्याचे, आणि डॉक्टर झाले ते मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून. २०१३ साली त्यांचा खून झाला. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर या संस्थेमार्फत मानसिक आरोग्य व व्यसनमुक्तीचे काम करीत आहेत.

केंद्र निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. मानसोपचारतज्ज्ञ प्रत्यक्ष तपासतात का, अल्पवयीन मुलांना मोठ्या व्यसनींपासून वेगळे ठेवतात का, पालकांना भेटू देतात का, हे विचारा. मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. 'आमच्याकडं पोरगं सुतासारखं सरळ होतं' असे कोणी अभिमानाने सांगितले तर मूल घेऊन परत या.

या मुलाला तज्ज्ञांकडे पाठवले. काही आठवड्यांनी समुपदेशकासमोर त्याने वडिलांना दाव्यांची गोष्ट सांगितली. वडील गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "अकरा वर्साच्या पोराला मी त्या पाण्यात धाडलंच कसं?" पाच महिने मुलगा स्वच्छ राहिला. जुलैत मोबाइलवर कोयनेतून विसर्ग वाढवल्याचे संदेश फिरू लागले आणि त्याने पुन्हा रुमाल नाकाला लावला. आई माझ्यासमोर रडली, सगळं मुसळ केरात म्हणाली. पण घसरणे हा या आजाराचाच भाग आहे, जसा दमेकऱ्याला ढगाळ हवेत त्रास होतो तसा. घसरला की चूक शोधण्यापेक्षा कोणत्या गोष्टीने कळ दाबली ते शोधावे. याच्या बाबतीत ती स्वच्छ दिसत होती. पुढच्या पावसाळ्याची तजवीज आधीच ठरली. आता आयर्विन पुलाचे पाणी ३० फुटांवर गेले की बापलेक जनावरे उंचावरच्या पाहुण्यांकडे नेतात आणि दावी मुलगा सोडतो. सोल्युशन बंद आहे. मावा अजून पुरता सुटलेला नाही. त्याचे प्रयत्न चालू आहेत.

पोलिसांच्या भीतीने अनेक पालक उपचारच टाळतात. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाण बाळगण्याच्या आरोपातील व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करील तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उलट, अठरा वर्षांखालील मुलाला दारू, अमली पदार्थ वा तंबाखू देणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. टपरीवाल्याला हे एकदा शांतपणे ऐकवायला हरकत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर अब्रूच्या भीतीने ते दाबू नका. १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. व्यसनासाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६, हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

दवाखान्यात येताना मुलाला 'तुझं रक्त तपासायचंय' अशी थाप मारून आणू नका. थाप उघडी पडली की ते मूल डॉक्टरशी बोलत नाही. तो यायला तयार नसेल तर पहिल्यांदा आईवडिलांपैकी कोणी एकटे आले तरी चालते. येताना एवढे आठवून या: त्याची झोप कधीपासून बिघडली, आणि त्याच्या थोडे आधी घरात काय घडले होते.