ती पिन आधी बसव

वर्धा, वैशाख शुद्ध दशमी

चि. सुमित,

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. मोठ्या कौतुकाने सांगत होती, आजींच्या ओव्यांच्या रेकॉर्डिंगमधली भणभण पोराने एका मिनिटात घालवली, साउंड मिक्सरच्या प्लगची अर्थची जाड पिन पकडीने मोडून. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागला नाही. वायरी जोडायला तुला मीच शिकवलं, म्हणून रागवायचा हक्कही माझाच. नवा प्लग लाव. तोवर त्या मिक्सरला हात लावू नकोस, कोणाला लावू देऊ नकोस.

पिन मोडली आणि आवाज स्वच्छ झाला, म्हणून दोष पिनेचा होता असं तू धरून चाललास. मिक्सर ओसरीच्या बोर्डावर, लॅपटॉपचा चार्जर माजघरातल्या बोर्डावर आणि मधे तुझी साधी पी-३८ मोनो वायर. दोन्हीकडचं अर्थिंग त्या वायरीच्या जाळीतून जोडलं जातं, तिच्यातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो. भणभण ती. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घे आणि मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमधून दोन तारा अधिक जाळी अशी वायर काढ. तिच्यात आवाज दोन तारांवर उलटसुलट जातो, बाहेरचा त्रास दोन्हींवर सारखाच बसतो आणि बॅलन्स्ड इनपुटला वजा होतो. तरी राहिलीच, तर ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर मधे घाल. तोडायचं ते सिग्नलच्या वायरीत, लाइनच्या प्लगात कधीच नाही.

माइकच्या वायरीची जाळी मिक्सरच्या पत्र्यापासून थेट माइकच्या अंगापर्यंत जाते, हे तुला ठाऊक आहे. आत फेज पत्र्याला टेकली आणि अर्थ धड असला, तर फ्यूज उडतो. अर्थच नसला, तर २३० व्होल्ट माइकवर येऊन बसतात. तो माइक धरणार कोण? तुझ्या आजी. अनवाणी, नुकत्या सारवलेल्या ओल्या जमिनीवर. बेटा, हा विचार तुला पिन मोडताना यायला हवा होता. फँटम पॉवरच्या ४८ व्होल्टला भितोस म्हणे. कंडेन्सर माइकला ते लागतातच, त्याने काही होत नाही. भीती भिंतीतल्या लाइनची ठेव.

आणि आजींच्या ओव्यांना मिक्सर हवाच कशाला? माइक कॅननच्या वायरीने सरळ यूएसबीवर चालणाऱ्या इंटरफेसला लाव, लॅपटॉप बॅटरीवर चालव. लाइनचा संबंधच उरत नाही. माइक स्टँडवर, तोंडापासून वीतभर, थोडा बाजूला. लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास राहू दे, त्यांचा आवाज वर चढतो तेव्हा फाटायला नको. जात्याची घरघर आली तर येऊ दे.

तुमच्या मंडळाच्या बँजोचा आवाज गुदमरतो म्हणालास, ते इंपीडन्सचं. माइक दीडशे-दोनशे ओहमचा, इंटरफेसचं माइक इनपुट दीड-दोन हजारांचं. घेणाऱ्याचा इंपीडन्स देणाऱ्याच्या दसपट असला की जमतं. बँजोचा पिकअप स्वतःच हजारो ओहमचा, त्याला दहा लाखांचं इनपुट लागतं. इन्स्ट्रुमेंटचं बटण दाब, खुलेल. खंजिरीला मात्र माइकच.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभरच्या बायकांच्या लाखावर ओव्या जमवल्या. आमच्या आईच्या ओव्या मात्र तिच्याबरोबरच गेल्या. मी गावोगाव लग्नं टेप करत हिंडत होतो, घरात कोऱ्या कॅसेटी पडून असायच्या. पुढच्या दिवाळीला करू, म्हणायचो. तू विशीत आजींसमोर माइक घेऊन बसलास, याचं मला किती बरं वाटलं हे फोनवर बोलता आलं नाही.

नवी पिन बसवलीस तरी तुमच्या घराचा अर्थ धड आहे का, हा प्रश्न उरतोच. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दोन बादल्या पाणी ओत. रविवारी सकाळच्या बसने सेलूला येतो, टेस्टर आणि मीटर घेऊन. करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपचा आरसीसीबीही आणतो, पैशांचं बोलू नकोस. गरजलो त्याचं मनावर घेऊ नकोस. काम झालं की आजींच्या ओव्या मला हेडफोनवर ऐकव, जशा झाल्या असतील तशा. आईला सांग, जेवायला थांबेन.

तुझा,
मामा